रोबॉटवर शाम्पूचा बेस: काम करता करता लिहिलेल्या नोंदी

६ जानेवारी

आजपासून सुरुवात. सध्याच्या बेसमध्ये, म्हणजे सुगंध घालण्याआधीच्या शाम्पूच्या मूळ मिश्रणात, सोडियम लॉरेथ सल्फेट, म्हणजे एसएलईएस, १२ टक्के आणि कोकामिडोप्रोपिल बीटेन ३ टक्के आहे. दाटपणा मिठाने येतो. सर्फॅक्टंटची, म्हणजे मळ काढणाऱ्या या घटकांची, बेरीज १५ वरून १२ च्या खाली आणायची, थोडं डेसिल ग्लुकोसाइड (तेही सर्फॅक्टंटच) घालायचं आणि तरी बेस पारदर्शक ठेवायचा. २५ अंशांना विस्कॉसिटी, म्हणजे दाटपणाचं माप, ३००० ते ६००० सेंटिपॉइज, पीएच ५ ते ५.५. केस विंचरायला सोपे जावेत म्हणून पॉलिक्वाटर्नियम-१० आहे तसं राहील.

हाताने एक माणूस दिवसाला सहा ते आठ नमुने करतो. आमच्याकडे आता आठ चॅनेलचा पिपेटिंग रोबॉट, गढूळपणा वाचणारा प्लेट रीडर आणि विस्कॉसिटी मोजणारं कोन-प्लेट रिओमीटर आहे. ठरवलं की पहिल्या फेरीत ९६ नमुने करायचे. हेच काम दुसरं कुणी हाती घेईल तेव्हा आमचे वाया गेलेले दिवस त्याचे वाया जाऊ नयेत, यासाठी या नोंदी.

९ जानेवारी

दोन दिवस फक्त एसएलईएसमध्ये गेले. माल ७० टक्क्यांचा, पेस्टसारखा. तो रोबॉटच्या टिपमध्ये, म्हणजे पिपेटच्या टोकाच्या नळीत, शिरणारच नाही हे उघड होतं, म्हणून २८ टक्क्यांचा स्टॉक, म्हणजे आधी करून ठेवायचं द्रावण, करायला घेतला. वेळ वाचवायला मी पेस्टवर पाणी ओतलं आणि स्टरर लावला. साधारण ३० ते ६० टक्क्यांच्या मधल्या पट्ट्यात एसएलईएस पेस्टपेक्षाही घट्ट जेल होतं. पेस्टवर पाणी ओतलं की प्रत्येक गोळ्याच्या बाहेर त्या जेलची साल तयार होते आणि आत पाणी जात नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही बादलीत पारदर्शक गोळे तरंगत होते. चार किलो टाकून दिलं.

बरोबर रीत उलटी. सगळं पाणी आधी घ्यायचं, त्यात पेस्ट थोडी थोडी सोडायची, पातं इतकं हळू फिरवायचं की हवा ओढली जाणार नाही. तीन तास लागले, मग रात्रभर फेस बसू दिला. आणखी एक गोष्ट: ७० टक्क्यांच्या पेस्टमध्ये जंतू तग धरत नाहीत, २८ टक्क्यांत वाढतात. म्हणून स्टॉकच्या डब्यावर तारीख लिहिली आणि आठवड्यापेक्षा जुना वापरायचा नाही असं ठरवलं.

पॉलिक्वाटर्नियमचा १ टक्क्याचा स्टॉकही आज झाला. पावडर भुरभुरत टाकली तरच गुठळ्या होत नाहीत.

१३ जानेवारी

प्रयोगांचा आराखडा. घटकांची बेरीज कायम १०० असते, त्यामुळे एक वाढवला की दुसरा कमी होणारच. नेहमीचा ‘प्रत्येक घटक वर-खाली’ आराखडा इथे चालत नाही. हेन्री शेफे यांनी १९५८ मध्ये मिश्रणांच्या प्रयोगांसाठी जी मांडणी दिली, तिच्यावर आधारलेला आराखडा सॉफ्टवेअरने काढून दिला.

कागदावर तो नीट दिसत होता. रोबॉटचा प्रोग्रॅम लिहायला बसल्यावर कळलं की ९६ पैकी ११ नमुने बनूच शकत नाहीत. आराखडा शुद्ध घटकांच्या टक्क्यांत होता आणि आम्ही ओतणार होतो स्टॉक, ज्यांच्यात पाणी आधीच आहे. १२ टक्के एसएलईएस हवं तर २८ टक्क्यांच्या स्टॉकचे ४२.९ भाग लागतात. बीटेनचे १३.३, ग्लुकोसाइडचे ६, ३ टक्के मिठासाठी २० टक्क्यांच्या द्रावणाचे १५, पॉलिक्वाटर्नियमचे २०, प्रिझर्वेटिव्ह आणि सायट्रिक अॅसिडचे मिळून ४. बेरीज १०१.२. पाण्यासाठी जागाच उरत नाही, उलट व्हायल (नमुन्याची छोटी बाटली) भरून वर.

मिठाचा स्टॉक २५ टक्क्यांचा केला आणि ‘स्टॉकची बेरीज ९७ च्या आत’ ही अट आराखड्यातच घातली. अर्धा दिवस गेला. हे गणित आराखड्याच्या आधी करायचं, नंतर नाही.

१७ जानेवारी

रोबॉटचं वजनाने तपासणं. हे तीन दिवस सगळ्यांत कंटाळवाणे होते आणि आज मागे वळून पाहिलं तर सगळ्यांत मोलाचे.

पाणी १ मिली मागितलं, ०.९९६ ग्रॅम आलं. उत्साहाने त्याच सेटिंगवर एसएलईएसचा स्टॉक मागितला. ०.७१ ग्रॅम आलं. दुसऱ्यांदा ०.६६. या रोबॉटचा पिपेट हवेच्या उशीवर चालतो. पिस्टन वर जातो, मधली हवा ताणली जाते आणि ती द्रवाला वर खेचते. पातळ द्रव लगेच येतो, दाट द्रव येता येता टिप बाहेर निघालेली असते. शिवाय टिपच्या बाहेर चिकटलेला थेंब दुसऱ्याच व्हायलमध्ये पडतो.

काय काय बदललं: शोषण्याचा वेग पाचपट कमी केला. शोषून झाल्यावर टिप द्रवातच चार सेकंद थांबवली. बाहेर काढण्याचा वेग इतका कमी केला की बाहेरचा थर ओघळून परत जाईल. रुंद तोंडाच्या टिप घेतल्या. आणि गरजेपेक्षा थोडं जास्त शोषून शेवटचा भाग टिपमध्येच ठेवला, पूर्ण रिकामं करायचा हट्ट सोडला, कारण शेवटच्या फुंकरीने बुडबुडे होत होते. एसएलईएसचा फरक १.८ टक्क्यांवर आला. बीटेन आणि ग्लुकोसाइड दोन-दोन तासांत बसले. पॉलिक्वाटर्नियम मात्र ७ टक्क्यांच्या खाली येईना. त्याच्यासाठी हवेची उशी नसलेली सिरिंज लावली, जिच्यात पिस्टन थेट द्रवाला टेकतो.

तीनशेच्या आसपास टिप यात गेल्या. प्रत्येक द्रवाची सेटिंग वेगळी, आणि ती त्या दिवशीच्या तापमानालाच खरी.

याच दिवशी एक निर्णय झाला. रोबॉटला काय सांगितलं हा आकडा विश्लेषणात वापरायचा नाही. प्रत्येक घटक पडल्यावर व्हायलचं वजन घ्यायचं आणि जे प्रत्यक्ष पडलं तेच खरं धरायचं. सहकाऱ्याचा विरोध होता, कारण वजनाने वेळ दुप्पट होतो. होतोच. पण ५ टक्के कमी पडलेलं एसएलईएस मोजून माहीत असेल तर तो नमुना खराब नाही, तो आराखड्यातला थोडा सरकलेला बिंदू आहे. वजन नसेल तर तोच नमुना खोटं बोलतो.

२३ जानेवारी

पहिली खरी प्लेट. ९६ खळग्यांची खोल प्लेट, प्रत्येक खळग्यात, म्हणजे वेलमध्ये, १ मिली, कारण तेवढ्यात सगळं एका प्लेटमध्ये मावतं. शेकरवर एक तास ठेवली. गढूळपणाचे आकडे पाहिले तर शेजारच्या दोन एकसारख्या नमुन्यांत चौपट फरक.

एका वेलमध्ये काडी घालून पाहिली. तळाला एसएलईएस जसंच्या तसं बसलेलं, वर पाणी. अरुंद, खोल वेलमध्ये दाट द्रव शेकरने हलत नाही, प्लेट हलते आणि द्रव तिच्याबरोबर जातो. पिपेटने वर-खाली करून मिसळायचा प्रयत्न केला तर फेस.

अख्खी प्लेट वाया गेली, पण फक्त शंभर मिली मालाची.

२४ जानेवारी

९६ वेल सोडून दिल्या. आता २० मिलीच्या काचेच्या व्हायल, प्रत्येकी १० ग्रॅम नमुना, २४ व्हायलचा एक रॅक, चार रॅक म्हणजे ९६. प्रत्येक व्हायलमध्ये फेकून देता येईल असं छोटं पातं. वेग कमी झाला, हे कबूल. पण १ मिलीच्या नमुन्याची विस्कॉसिटी रिओमीटरवर एकदाच मोजता येते आणि स्थिरतेच्या चाचणीला काहीच उरत नाही. १० ग्रॅममध्ये तीन वेळा मोजून उरलेलं कपाटात ठेवता येतं. प्लेट आता फक्त गढूळपणा वाचायला: मिसळून झालेल्या नमुन्यातले २०० मायक्रोलिटर तिच्यात.

मिसळण्याचा क्रमही बदलला. आधी पाणी आणि पॉलिक्वाटर्नियम, मग एसएलईएस, बीटेन, ग्लुकोसाइड. पातळ असतानाच पूर्ण मिसळून घ्यायचं. मीठ सगळ्यांत शेवटी, कारण ते पडलं की नमुना दाट होतो आणि नंतर काहीच नीट मिसळत नाही.

२९ जानेवारी

चारही रॅक झाले. ९६ पैकी ३८ नमुन्यांत पांढरे ठिपके. पहिली शंका पॉलिक्वाटर्नियमवर, कारण धन प्रभाराचं पॉलिमर आणि ऋण प्रभाराचं सर्फॅक्टंट एकत्र आले की धूसरपणा येऊ शकतो. दिवसभर त्या दिशेने शोधलं. पॉलिमर अजिबात नसलेल्या नमुन्यातही ठिपके सापडले तेव्हा तो सिद्धांत संपला.

सूक्ष्मदर्शकाखाली ठिपके सुयांसारखे दिसले. बेंझोइक अॅसिडचे स्फटिक. आम्ही सोडियम बेंझोएट या प्रिझर्वेटिव्हचा २५ टक्क्यांचा स्टॉक टाकत होतो आणि प्रोग्रॅमचा वेळ वाचावा म्हणून मध्ये न ढवळता लगेच त्याच जागी ५० टक्के सायट्रिक अॅसिड. सोडियम बेंझोएट पाण्यात भरपूर विरघळतं, पण अॅसिडने त्याचं बेंझोइक अॅसिड झालं की लिटरला जेमतेम साडेतीन ग्रॅम. थेंबावर थेंब पडताच तिथल्या तिथे ते बाहेर पडलं, आणि दाट नमुन्यात परत विरघळायला त्याला दिवस लागले असते.

हाताने करणारा माणूस हे न सांगता बरोबर करतो. एक ओततो, ढवळतो, दुसऱ्या बाटलीकडे वळतो. त्या वळण्यात जे घडतं ते आमच्या प्रोग्रॅममध्ये कुणीच लिहिलं नव्हतं.

दुरुस्ती: बेंझोएट अगदी सुरुवातीला पाण्यात, सायट्रिक अॅसिड १० टक्क्यांचं करून मिठाच्या आधी, दोन्हींच्या मध्ये किमान दहा मिनिटं ढवळणं. १० टक्क्यांच्या अॅसिडने स्टॉकची बेरीज पुन्हा वाढली, म्हणून तीन नमुने आराखड्यातून काढले. डेसिल ग्लुकोसाइडचा स्वतःचा पीएच १२ च्या जवळ असतो, म्हणून अॅसिडचं प्रमाण सगळ्यांना सारखं देऊन चालत नाही, ग्लुकोसाइडनुसार मोजून द्यायचं. पीएच ५.५ च्या वर राहिला तर बेंझोएटचा उपयोग उरत नाही, तेव्हा इथे ढिलाई नको.

चार रॅक, पाच दिवस, सुमारे एक किलो माल वाया.

५ फेब्रुवारी

नवे चार रॅक झाले. ठिपके नाहीत. गढूळपणाची प्लेट ६०० नॅनोमीटरला वाचली. आकडे डोळ्यांना दिसतं त्याच्याशी जुळेनात. काचेसारखा स्वच्छ नमुना गढूळ म्हणून नोंदलेला, दुधाळ नमुना स्वच्छ म्हणून.

प्लेट रीडरमध्ये उलटी गेली होती. १८० अंश. ए१ च्या जागी एच१२, बी३ च्या जागी जी१०. हे आधी लक्षात यायला हवं होतं, कारण नुसत्या पाण्याच्या चार वेल याच कामासाठी ठेवल्या होत्या. पण त्या चार कोपऱ्यांत होत्या आणि चारही कोपरे पाण्याचे असतील तर प्लेट सरळ काय, उलटी काय, सारखीच दिसते. आता रंगीत पाणी फक्त ए१ आणि बी१ मध्ये. प्लेट उलटली तर प्रोग्रॅम पुढे जातच नाही.

आकडे मात्र वाया गेले नाहीत. ओळीचा क्रमांक ९ मधून आणि रकान्याचा १३ मधून वजा केला की खरी जागा मिळते.

६ फेब्रुवारी

नमुन्यांची नावं मी प्लेट-ओळ-रकाना अशी ठेवली होती. प्लेट २, ओळ ई, रकाना ५ म्हणजे २ई५. एक्सेलने फाइल उघडताना त्याचं केलं दोन लाख. ई ओळीतले सगळे नमुने असे मोठमोठे आकडे होऊन बसले आणि जतन केल्यावर मूळ नाव गेलं. वजनकाट्याच्या मूळ फाइली वेगळ्या ठेवल्या होत्या म्हणून सावरलं. यापुढे प्रत्येक नावाच्या सुरुवातीला अक्षर, व्हायलवर बारकोड, आणि यंत्रातून आलेली फाइल कधीही उघडून जतन करायची नाही, तिची प्रत काढूनच काम करायचं.

१२ फेब्रुवारी

विस्कॉसिटी. खरी अडचण इथे आहे आणि रोबॉट कितीही वेगाने ओतत असला तरी ती हलत नाही. रिओमीटरवर एक नमुना लावणं, तापमान स्थिरावणं, मोजणं, पुसणं: सहा मिनिटं. ९६ नमुन्यांना साडेनऊ तासांहून जास्त, तेही माणूस पूर्ण वेळ समोर उभा.

म्हणून रोबॉटच्याच पिपेटमधल्या दाबाचा उपयोग करून पाहिला. ठरावीक वेगाने शोषताना द्रव जितका दाट तितका टिपमधला दाब जास्त उतरतो. ग्लिसरीन आणि पाण्याची मिश्रणं घेऊन दाब आणि विस्कॉसिटीचा आलेख काढला. सुंदर सरळ रेष आली. तिच्यावरून नमुने मोजले आणि रिओमीटरशी ताडून पाहिले तर २००० च्या वर सगळं चुकलेलं, काही ठिकाणी निम्मं.

दोन चुका एकदम केल्या होत्या. शुद्ध ग्लिसरीन २५ अंशांना हजारापर्यंतही पोचत नाही, जवळपास ९३०. आम्हाला मोजायचं होतं ३००० ते ६०००. म्हणजे जिथे आलेखच नव्हता तिथे मी पट्टी ठेवून रेष पुढे ओढली होती. दुसरी चूक त्याहून मोठी. ग्लिसरीनचा दाटपणा कितीही वेगाने ढवळलं तरी तोच राहतो. आमचा बेस तसा नाही. मिठाने त्यातले मायसेल, म्हणजे सर्फॅक्टंटच्या रेणूंचे पुंजके, लांब दोऱ्यांसारखे होतात, एकमेकांत गुंततात, त्यातून दाटपणा येतो. टिपच्या अरुंद तोंडातून ओढलं की दोरे एका दिशेला लागतात आणि द्रव पातळ होतो. रिओमीटर हळू फिरतं, टिप जोरात ओढते. दोघं वेगळ्या गोष्टी मोजत होते.

दाबाची पद्धत सोडली नाही, तिच्याकडून मागणं कमी केलं. आमच्याच बेसचे पाच नमुने रिओमीटरवर मोजून संदर्भ म्हणून ठेवले आणि दाबावरून फक्त तीन गट पाडले: पातळ, कामाचा, फार दाट. सीमेवरचे सगळे ‘कामाचा’ गटात. पहिल्या फेरीत या गटात ३१ नमुने आले. रिओमीटरवर फक्त तेच. तीन तासांत काम संपलं.

१९ फेब्रुवारी

घटकांच्या प्रमाणावरून विस्कॉसिटी सांगणारं पहिलं मॉडेल बसवलं आणि ते म्हणालं की एसएलईएस वाढवलं की विस्कॉसिटी फारशी वाढत नाही. यावर कुणाचाही विश्वास बसेना. कारण शोधायला दिवस लागला. टिप वाचाव्यात म्हणून रॅक एसएलईएसच्या चढत्या क्रमाने लावले होते. पहिला रॅक कमी एसएलईएसचा, सकाळी, खोली २२ अंश. चौथा रॅक जास्त एसएलईएसचा, दुपारी, खोली २६ अंश. या प्रकारच्या द्रवाची विस्कॉसिटी तापमानाबरोबर झपाट्याने उतरते. एसएलईएसने जेवढं चढवलं तेवढं दुपारच्या उन्हाने उतरवलं. रिओमीटर २५ अंशांनाच मोजतं, पण ‘पातळ’ म्हणून आधीच गाळलेले नमुने त्याच्यापर्यंत पोचलेच नव्हते.

आता क्रम चिठ्ठ्या टाकल्यासारखा, रॅकमध्येही आणि व्हायलमध्येही. मोजणीआधी सगळ्या व्हायल रात्रभर २५ अंशांच्या पेटीत, त्यात बुडबुडेही वर येतात. आणि प्रत्येक रॅकमध्ये मधल्या प्रमाणाचा तोच नमुना दोनदा. आधी हे जोडनमुने फक्त पहिल्या रॅकमध्ये होते, म्हणून दुपारची घसरण दिसलीच नाही. टिप जास्त लागतात. लागू देत.

गाळलेल्यांपैकी १४ नमुने परत काढून रिओमीटरवर मोजले. नऊ कामाचे निघाले.

२७ फेब्रुवारी

या सगळ्या कामात सर्वांत जास्त शिकवणारा दिवस.

दुसऱ्या फेरीचे २४ नमुने झाले. जोडनमुन्याची विस्कॉसिटी आतापर्यंत ४६०० च्या आसपास येत होती, ती अचानक ३१००. दोन्ही व्हायल सारख्याच, म्हणजे ओतण्याची चूक नाही. वजनं तपासली, बरोबर. तापमान बरोबर. पीएच बरोबर. रिओमीटर प्रमाणित तेलावर तपासलं, बरोबर. बदललं होतं एकच: बीटेनचा नवा ड्रम.

बीटेन बनवताना सोडियम क्लोरोअॅसिटेट वापरतात आणि त्यातून मीठ तयार होतं. ते काढून टाकत नाहीत. ३० टक्क्यांच्या बीटेनमध्ये ५ टक्क्यांच्या आसपास मीठ आधीच असतं. हे वाचून माहीत होतं, पण आराखडा करताना ‘मीठ’ म्हणजे आम्ही घालतो ते, असंच डोक्यात राहिलं. सिल्व्हर नायट्रेटने दोन्ही ड्रममधलं मीठ मोजलं. जुना ५.६ टक्के, नवा ४.६. नमुन्यात बीटेनचे १३.३ भाग, म्हणजे जवळपास ०.१३ टक्के मिठाचा फरक. ऐकायला काहीच नाही. पण मीठ आणि विस्कॉसिटीचा आलेख डोंगरासारखा असतो: आधी सपाट, मग उभा चढ, शिखर, मग उतार. आमचा जोडनमुना चढाच्या मधोमध उभा होता.

आता मॉडेलमध्ये ‘एकूण मीठ’ हाच घटक आहे: घातलेलं अधिक बीटेनमधून आलेलं. जुने सगळे आकडे त्याप्रमाणे पुन्हा मांडले. प्रत्यक्ष पडलेली वजनं हातात होती म्हणून एकही नमुना पुन्हा करावा लागला नाही. मॉडेल एका रात्रीत सुधारलं. आधी ‘बीटेन विस्कॉसिटी वाढवतं’ असं जे दिसत होतं त्यातला बराच भाग बीटेनचा नव्हताच, त्याच्याबरोबर आलेल्या मिठाचा होता.

१२ मार्च

तीन फेऱ्या, प्रत्येकी २४. प्रत्येक फेरीत १६ नमुने मॉडेलने सुचवलेले, ६ रिकाम्या जागांतून निवडलेले, २ जोडनमुने. विस्कॉसिटीचा लॉगरिदम घेतल्यावर मॉडेल नीट बसलं, त्याआधी दोन-चार फार दाट नमुने सगळं आपल्याकडे ओढत होते. ते ६ नमुने सोडून देण्याचा मोह होतो, कारण त्यातले बहुतेक निकामी निघतात. तरी ठेवले. पुढच्या चाचणीसाठी निवडलेल्या पाच उमेदवारांपैकी एक तिथूनच आला.

आता वेळ असा लागतो: एका रॅकला ओतणं ८० मिनिटं, वजनं धरून. रात्रभर पेटी. सकाळी गढूळपणा आणि दाब अर्धा तास, रिओमीटर तासभर. जोडनमुन्यांतला फरक ३० टक्क्यांवरून ९ वर आला आहे.

२० मार्च

पाच उमेदवार ५०० ग्रॅमच्या बीकरमध्ये, सुगंध घालून. तीन ठीक. दोन पाण्यासारखे.

सुगंध आम्ही लहान नमुन्यांत घातलाच नव्हता. १० ग्रॅममध्ये ५० मिलिग्रॅम ओतणं अवघड आणि तो उडतो, म्हणून ‘नंतर पाहू’. सुगंधी तेल मायसेलच्या आत शिरतं आणि मिठाचा अख्खा डोंगर सरकवतं. जे दोन पडले ते आधीच शिखराच्या जवळ, पलीकडच्या बाजूला होते. थोडं सरकले आणि उतारावरून खाली आले.

सुगंध ग्लुकोसाइडमध्ये आधी मिसळून त्याचा स्टॉक केला, मग रोबॉट तो १ टक्क्याच्या आत अचूक ओततो. उमेदवारांच्या आसपासचे २४ नमुने सुगंधासह पुन्हा केले. नियमही बदलला: विस्कॉसिटी बरोबर असणं पुरेसं नाही, मीठ ०.२ टक्के वर-खाली केल्यावरही ती ३००० ते ६००० मध्ये राहिली पाहिजे. उद्या कुठला ड्रम येईल सांगता येत नाही. या अटीत आधीच्या तीनपैकी दोन टिकले आणि दोन नवे आले.

२७ मार्च

चार उमेदवार ४, २५, ४० आणि ४५ अंशांना, प्रत्येकी सहा व्हायल. बारा आठवडे. इथे कुठलंही यंत्र घाई करू शकत नाही.

२४ एप्रिल

४५ अंशांना तिघांची विस्कॉसिटी वाढलेली. आनंद व्हायच्या आधी व्हायल वजन केल्या. १.५ ते २ टक्के पाणी झाकणातून गेलं होतं. ठेवताना प्रत्येक व्हायलचं वजन घेतलं होतं म्हणून कळलं. झाकणं बदलली, आतून टेफ्लॉनचं अस्तर असलेली. ४५ च्या व्हायल पुन्हा पहिल्या दिवसापासून.

८ मे

कपाटासमोर कॅमेरा लावला आहे, रोज सकाळी प्रत्येक व्हायलचा फोटो, मागे काळी-पांढरी रेघांची पट्टी. ४ अंशांच्या खणात तिसऱ्या उमेदवाराच्या मागच्या रेघा नवव्या दिवसापासून किंचित पुसट होत आलेल्या दिसतात. आम्ही डोळ्यांनी तपासत होतो तेव्हा तो ‘स्वच्छ’ म्हणून पाच वेळा नोंदला गेला आहे. बाहेर काढून २५ अंशांना ठेवल्यावर तासाभरात पुन्हा स्वच्छ. तो बाद.

१९ जून

बारा आठवडे पूर्ण, ४५ अंशांच्या व्हायल सोडून. दोन उमेदवार चारही निकषांवर उभे आहेत. दुसऱ्याची सर्फॅक्टंटची बेरीज ११.४ टक्के, पहिल्याची ११.८. दुसरा पातळ होण्याच्या दिशेने थोडा जास्त सरकला, ४० अंशांना ४३०० वरून ३७००. पहिला ४५०० वरून ४३५०. ४५ अंशांच्या व्हायलना अजून चार आठवडे आहेत, तोवर पहिल्याचं ५० किलोचं बॅच लावायचं ठरलं. बीटेनचा तिसरा ड्रम काल आला. सिल्व्हर नायट्रेटने मोजला: ५.२.